ज्यांना हा आजार झाला नाही, त्यांच्याकडेही पाहा

फुप्फुसांच्या रक्तदाबावर नवी औषधं शोधणारे संशोधक आणि त्यांच्या कामाला निधी देणाऱ्या समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. हृदयाची आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेल याची गणती नाही. डाव्या कप्प्याची भिंत जाड काढायची, कारण त्याला सगळ्या शरीरात रक्त ढकलायचं असतं. उजव्याची पातळ, कारण त्याचं रक्त जायचं शेजारच्या फुप्फुसांत. ती पातळ रेघ मी हात न थांबवता ओढायचे. धाकट्या बहिणीच्या आजारपणानंतर तिथं माझा खडू अडखळतो.

तिला फुप्फुसधमन्यांचा उच्च रक्तदाब आहे. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो रक्तदाब तिचा अगदी नॉर्मल येतो, म्हणूनच दोन वर्षं कुणाला संशय आला नाही. तिची धाप आधी दमा ठरली, मग रक्त कमी ठरलं, मग ‘स्वभावच काळजीखोर आहे’ असं सांगून तिला घरी पाठवलं गेलं. जिना चढताना ती बेशुद्ध पडली तेव्हा एका डॉक्टरांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला लावला आणि मग मानेतल्या शिरेतून कॅथेटर घालून उजव्या बाजूचा दाब मोजला. फुप्फुसधमनीतला सरासरी दाब निरोगी माणसात पाऱ्याच्या १४ मिलिमीटरच्या आसपास असतो. तिचा ५८ निघाला. पुढे जनुकांची तपासणी झाली, त्यात बीएमपीआर-२ या जनुकात दोष सापडला. असा दोष घराण्यातून येऊ शकतो म्हणून माझंही रक्त घेतलं. माझ्या अहवालातही तोच दोष आहे, त्याच जागी.

ती पंपावर आहे आणि मी अजून दोन जिने न थांबता चढते. हे पत्र त्या फरकाविषयी आहे.

आधी पंपाविषयी सांगते, कारण तुमच्या आधीच्या पिढीनं शोधलेलं टार्गेट, म्हणजे औषधानं शरीरात जिथं काम करायचं ती जागा, आमच्या घरात रोज संध्याकाळी कसं दिसतं हे तुम्हाला माहीत असावं. तिच्या छातीच्या कातडीखालून एक बारीक नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत गेली आहे. त्या नळीतून इपोप्रोस्टेनॉल हे वाहिन्या सैल करणारं औषध पंपानं चोवीस तास जातं. या औषधाचं रक्तातलं आयुष्य काही मिनिटांचं, त्यामुळे त्याची धार तुटून चालत नाही. संध्याकाळी टेबल पुसून, हात कोपरापर्यंत धुऊन मी पावडरच्या कुपीत द्रावण सोडते. कुपी हलवायची नाही, हलकेच गोल फिरवायची. हलवली की फेस येतो, फेस आला की बुडबुडे येतात. पंपाची कॅसेट, म्हणजे औषधाची डबी, भरून झाली की ती उजेडासमोर धरून टिचक्या मारत शेवटचा बुडबुडा वर आणते. बहीण तोवर जुन्या कॅसेटवर बोट ठेवून बसलेली असते. “ताई, घाई नको,” एवढंच म्हणते. दुसरा पंप उशाशी कायम चार्ज केलेला. एका रात्री नळीला पीळ पडून अलार्म वाजला, पीळ सुटेपर्यंत दीड मिनिट गेलं असेल. त्या दीड मिनिटात तिच्या ओठांकडे पाहत मी मनात सेकंद मोजत होते.

तरीही या औषधाबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. वाहिन्या सैल करणाऱ्या प्रोस्टासायक्लिन या शरीरातल्या द्रव्याचा शोध १९७६चा, त्यावरून बनलेल्या इपोप्रोस्टेनॉलला अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९९५मध्ये. ज्या ट्रायलवर ती मान्यता उभी राहिली त्यात ८१ रुग्ण होते. बारा आठवड्यांत नेहमीच्या उपचारांवरचे आठ जण गेले, इपोप्रोस्टेनॉलवरचा एकही नाही. त्याआधी १९८०च्या दशकातल्या अमेरिकेतल्या नोंदणीत निदानापासून निम्मे रुग्ण २.८ वर्षांच्या आत गेले होते. माझ्या बहिणीनं तो आकडा केव्हाच मागे टाकला आहे.

प्रोस्टासायक्लिनची ही पहिली वाट. दुसरी वाट एंडोथेलिनची. वाहिन्या आवळणारं हे द्रव्य १९८८मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी वेगळं केलं आणि त्याचे रिसेप्टर, म्हणजे पेशीवरच्या त्याला चिकटायच्या जागा, अडवणारं बोसेंटन २००१मध्ये आलं. तिसरी वाट नायट्रिक ऑक्साइडची, ज्याला १९९८चं नोबेल मिळालं. सिल्डेनाफिल, टाडालाफिल, रिओसिग्वाट ही सगळी त्याच रस्त्यावरची. या तीन वाटांमधली औषधं एकेकटी न देता सुरुवातीपासून जोडीनं दिली तर जास्त उपयोग होतो, हेही २०१५मध्ये सिद्ध झालं. ही तुमचीच कमाई आहे.

पण तिन्ही वाटांचं मुख्य काम एकच, आवळलेली वाहिनी सैल करणं. आणि हा आजार बहुतेकांत नुसत्या आवळण्याचा नाही. विद्यार्थ्यांना दाखवायच्या काचपट्ट्यांमध्ये माझ्याकडे अशा फुप्फुसाचा एक छेद आहे. निरोगी बारीक धमनी सूक्ष्मदर्शकाखाली बांगडीसारखी दिसते, पातळ कड आणि मध्ये मोकळी जागा. या छेदात बांगडी जवळजवळ भरून गेली आहे. स्नायूंचा थर जाड झालाय, आतल्या अस्तराच्या पेशी एकमेकींवर चढल्यात आणि मधे रक्ताला जायला केसभर फट उरलीय. काही ठिकाणी पेशींची इतकी गुंतागुंत झालीय की वाहिनी कुठली आणि गाठ कुठली ते कळत नाही. मरायच्या वेळी न मरणाऱ्या, नको तिथं वाढणाऱ्या आणि साखर वेगळ्या पद्धतीनं जाळणाऱ्या या पेशी कर्करोगाच्या पेशींची आठवण करून देतात. अशी वाहिनी सैल करून किती सैल होणार?

म्हणून माझं पहिलं मागणं भिंतीविषयी आहे. भिंत बदलणारं टार्गेट सापडू शकतं याचा पुरावा आता तुमच्या हातात आहे.

बीएमपीआर-२ आणि या आजाराचा संबंध २००० साली दोन वेगवेगळ्या गटांनी जवळपास एकाच वेळी दाखवला. घराण्यातून आलेल्या आजारात दर चारांपैकी सुमारे तिघांत याच जनुकात दोष सापडतो. या जनुकाचं प्रथिन वाहिनीच्या पेशींना आवर घालतं. दुसऱ्या बाजूला अॅक्टिव्हिनसारखी प्रथिनं ‘वाढा’ असा संदेश देतात. आवर घालणारा हात लुळा पडला की वाढीची बाजू जड होते. लुळा हात बरा करता येईना, तेव्हा दुसरी बाजू हलकी करून पाहायचं ठरलं. सोटाटरसेप्ट हे औषध नेमकं हेच करतं. ते म्हणजे अॅक्टिव्हिनच्या रिसेप्टरचाच रक्तात मोकळा सोडलेला एक तुकडा, अॅक्टिव्हिन त्याला चिकटतं आणि पेशीपर्यंत पोचत नाही. हे औषध मुळात हाडांच्या झिजेसाठी आणि रक्तक्षयासाठी तपासलं जात होतं. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३२३ रुग्णांच्या ट्रायलमध्ये बहुतेक रुग्ण आधीच दोन-तीन औषधांवर होते, तरी २४ आठवड्यांत त्यांचं सहा मिनिटांत चाललेलं अंतर प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ डोसच्या, तुलनेत साधारण ४१ मीटरनं वाढलं. मार्च २०२४मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यानंतर अधिक गंभीर रुग्णांवरची ट्रायल फायदा स्पष्ट दिसल्यानं मुदतीआधीच थांबवावी लागली. मृत्यू, फुप्फुस प्रत्यारोपण किंवा आजार बळावून दाखल व्हावं लागणं, यांचा एकत्रित धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला होता.

४१ मीटर हा आकडा अहवालात बारीक दिसतो. बहिणीची ही चाचणी होते तेव्हा मी कॉरिडॉरच्या भिंतीला टेकून उभी असते. दोन टोकांना दोन शंकू, मधे तीस मीटर फरशी. तंत्रज्ञ दर मिनिटाला उरलेला वेळ सांगतो. तिसऱ्या मिनिटाला तिचा हात भिंतीकडे जातो, चौथ्याला ती शंकूपाशी वळताना पाऊल आखडतं घेते. ४१ मीटर म्हणजे अजून एकदा या शंकूपासून त्या शंकूपर्यंत आणि वर थोडं. खोलीतून स्वयंपाकघरात जाऊन पाणी घेऊन परत येणं त्यात बसतं. हे औषध परिपूर्ण नाही. हिमोग्लोबिन वाढतं, नाकातून रक्त येतं, त्वचेवर बारीक लाल जाळी दिसते, दर तीन आठवड्यांनी सुई आहे. पण जनुक सापडल्यापासून औषध हातात येईपर्यंत चोवीस वर्षं लागली, आणि त्या चोवीस वर्षांत ज्यांनी ‘ही वाट लांबची आहे’ म्हणून निधी दुसरीकडे वळवला नाही त्यांना मी मनापासून नमस्कार करते.

आता फसलेल्या वाटांबद्दल. त्यांच्याविषयी तुम्ही फार कमी बोलता असं मला वाटतं. इमॅटिनिब हे औषध पीडीजीएफ या पेशी वाढवणाऱ्या प्रथिनाची वाट अडवतं. २०१३च्या ट्रायलमध्ये त्यानं चालणं सुधारलं, पण रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेल्या काही रुग्णांच्या मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झाला आणि ती वाट बंद झाली. टार्गेट चुकीचं नव्हतं, औषध सगळ्या शरीरात पोचत होतं ही अडचण होती. मग श्वासावाटे द्यायचा विचार आला. श्वासावाटे दिलेल्या इमॅटिनिबनं अपेक्षित परिणाम दाखवला नाही, त्याच वाटेवरच्या सेरालुटिनिबवर काम सुरू राहिलं. सेरोटोनिनचं उत्पादन रोखणाऱ्या रोडाट्रिस्टॅटनं रुग्णांच्या फुप्फुसात रक्ताला होणारा रोध उलट वाढवला. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी करणाऱ्या अॅनास्ट्रोझोलनं काही साधलं नाही. दाह कमी करणारं टोसिलिझुमॅबही निष्फळ ठरलं. कागदावर यातलं प्रत्येक टार्गेट पटण्यासारखं होतं. सेरोटोनिनचंच घ्या, १९६०च्या दशकात सेरोटोनिनवर परिणाम करणाऱ्या अॅमिनोरेक्स नावाच्या भूक मारणाऱ्या गोळीनं युरोपात या आजाराची साथच आणली होती, तिच्यामुळेच १९७३मध्ये जिनिव्हात पहिली जागतिक परिषद भरली. संशय साधार होता, तरी औषध चाललं नाही.

यातली बरीच टार्गेटं उंदरांवर छान चालली होती. मोनोक्रोटालिन हे विष टोचलेल्या उंदराला तीन-चार आठवड्यांत आजार होतो, आणि इतक्या साऱ्या रेणूंनी तो उंदीर बरा केलाय की त्या यादीकडे बघून आता धीर येत नाही. माणसात हा आजार वर्षानुवर्षं गुपचूप वाढतो. प्रत्यारोपणाच्या वेळी काढलेली रुग्णांची फुप्फुसं, त्यांच्या पेशी, त्यांचं रक्त यांच्यावर आधी प्रश्न विचारा आणि मग उंदराकडे जा. आणि ट्रायल फसली तर तिचे सगळे तपशील, नमुने, कुणाला थोडा फायदा झाला आणि कुणाला नुकसान झालं हे इतरांसाठी खुलं करा. पेशींची साखर जाळण्याची पद्धत बदलणाऱ्या डायक्लोरोअॅसिटेटच्या छोट्या ट्रायलमध्ये हे करून दाखवलं गेलं आहे. काहींना फायदा झाला, काहींना नाही, आणि शोध घेतल्यावर कळलं की ज्यांना नाही झाला त्यांच्या जनुकांमध्येच त्याचं कारण होतं. माझी बहीण एका ट्रायलमध्ये होती. ती थांबवल्याचं आम्हाला एका ओळीच्या निरोपानं कळलं. तिनं दिलेल्या रक्ताचं, चार कॅथेटर तपासण्यांचं पुढं काय झालं ते आजवर कुणी सांगितलं नाही.

आता माझ्या आणि तिच्या फरकाकडे येते. पत्र लिहायला बसले ती यासाठीच.

बीएमपीआर-२चा दोष असलेल्या प्रत्येकाला आजार होत नाही. आयुष्यभरात साधारण ४२ टक्के बायकांना आणि १४ टक्के पुरुषांना होतो. म्हणजे दोष घेऊन जन्मलेल्यांपैकी बहुतेक जण या आजारावाचून आयुष्य काढतात. बरं वाटत असलेल्या ५५ दोषधारकांचा फ्रान्समध्ये काही वर्षं दरवर्षी तपासण्या करून पाठपुरावा केला गेला, तेव्हा वर्षाला दर शंभरात सुमारे दोघांना नव्यानं आजार होतो असं दिसलं. बाकीच्यांच्या शरीरात काय चाललेलं असतं? निसर्गानं आम्हाला कुठलं औषध दिलंय?

हा भाबडा प्रश्न नाही, त्याची काही उत्तरं तुमच्यातल्याच काहींनी शोधली आहेत. २००९मध्ये असं दिसलं की दोषधारक असूनही निरोगी राहिलेल्यांमध्ये जनुकाची दुसरी, चांगली प्रत जास्त जोमानं काम करते. २०१७मध्ये रुग्णांच्या आणि त्याच दोषाच्या निरोगी नातेवाइकांच्या पेशींपासून मूलपेशी आणि त्यापासून वाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी बनवून त्या शेजारीशेजारी ठेवल्या गेल्या. दोष तोच, पण निरोगी नातेवाइकांच्या पेशी संरक्षण करणाऱ्या वेगळ्या वाटा चालू ठेवून तग धरत होत्या. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. माझ्याही पेशी या क्षणी बहुधा असंच काहीतरी करत असतील.

मग चांगल्या प्रतीला जोम देणारा रेणू शोधणं हे पहिल्या रांगेतलं टार्गेट का नाही? टॅक्रोलिमस हे प्रत्यारोपणात वापरलं जाणारं जुनं औषध अगदी कमी मात्रेत बीएमपीआर-२ची वाट जागी करतं, हे २०१३मध्ये दाखवलं गेलं. नंतरची माणसांवरची ट्रायल लहान होती, फायदा सिद्ध व्हावा एवढी मोठी नव्हती. माझ्यासारख्या लोकांवर तर अशी कुठलीही गोष्ट आजार होण्याआधी तपासण्याचा विचार आता कुठे सुरू होतोय. बरं वाटणाऱ्या माणसाला औषध देण्यात धोका आहे हे मला कळतं, आणि तो धोका हलक्यानं घ्यावा असं मी म्हणत नाही. पण निदान आम्हाला मोजा. आमचं रक्त साठवा, दरवर्षी घ्या, आणि आमच्यातल्या ज्याला आजार होईल त्याच्या आधीच्या पाच वर्षांच्या नमुन्यांत मागे जाऊन पाहा. आजार सुरू होण्याचा क्षण तुम्ही उंदरात हजारदा पाहिलाय, माणसात जवळजवळ नाहीच. बायकांना तो तिपटीनं का होतो याचं उत्तरही तिथंच कुठेतरी असेल. अॅनास्ट्रोझोल फसलं म्हणून तो प्रश्न मिटला नाही.

दुसरी एक जागा रिकामी आहे ती उजव्या कप्प्याची. या आजारात माणूस जातो तो बहुतेकदा उजवा कप्पा थकल्यामुळे. पण त्या कप्प्याला थेट बळ देणारं, या आजारासाठी मान्य झालेलं एकही औषध नाही. डाव्या हृदयाच्या आजारावरची औषधं जशीच्या तशी उचलून इकडे चालत नाहीत. आणि इथंही निसर्गाचा एक नमुना आहे. जन्मतः हृदयात भोक राहून ज्यांना फुप्फुसाचा रक्तदाब होतो, त्यांचा उजवा कप्पा प्रचंड दाबाशी कितीतरी वर्षं झुंज देतो. स्क्लेरोडर्माच्या, म्हणजे त्वचा कडक करणाऱ्या आजाराच्या, रुग्णांचा तेवढ्याच किंवा कमी दाबाला लवकर हार मानतो. दाब सारखा असताना कप्पे वेगळे का वागतात? बहिणीच्या इकोचा अहवाल आला की मी दाबाचा आकडा नंतर वाचते, आधी उजव्या कप्प्याची हालचाल किती मिलिमीटर ते पाहते. डॉक्टरही तेच पाहतात. मग टार्गेट निवडताना तो कप्पा यादीत इतका खाली का?

एक गोष्ट घाईनं का होईना सांगायला हवी. फुप्फुसातला रक्तदाब वाढलेल्यांमध्ये माझ्या बहिणीसारखे रुग्ण अगदी थोडे. बहुतेकांचं मूळ डाव्या हृदयाच्या किंवा फुप्फुसांच्या आजारात असतं, काहींचं जुन्या, न विरघळलेल्या गुठळ्यांमध्ये. गुठळ्यांवर शस्त्रक्रिया आहे आणि ती पुष्कळदा आजार जवळपास पुसून टाकते, म्हणून त्या रुग्णांना वेळेत ओळखणं फार गरजेचं. फुप्फुस कडक होण्याच्या आजारात मात्र आमची औषधं उचलून दिली तेव्हा अॅम्ब्रिसेंटन आणि रिओसिग्वाट या दोन्हींनी काही रुग्णांचं नुकसान केलं. श्वासावाटे दिलेल्या ट्रेप्रोस्टिनिलनं फायदा केला आणि २०२१मध्ये त्याला मान्यता मिळाली. औषध हवेशीर भागातच पोचलं म्हणून कदाचित ते जमलं असेल. या रुग्णांसाठी त्यांचं स्वतःचं टार्गेट शोधा, आमच्या ताटातलं उरलेलं त्यांना वाढू नका.

माझी मागणी कुठल्या एका रेणूसाठी नाही. पुढच्या निधीच्या बैठकीत अर्ज चाळताना एवढं विचारा की या अर्जातलं टार्गेट वाहिनीची भिंत पूर्ववत करू पाहतंय का, उजव्या कप्प्याला हात देतंय का, आणि ते माणसाच्या पेशीत दिसलंय की फक्त उंदराच्या. वाहिनी सैल करणारी आणखी एक गोळी दिवसातून दोनदाऐवजी एकदा घ्यावी लागणं ही सोय आम्हाला हवीच आहे, पण तिच्या मागे सगळी माणसं आणि सगळा पैसा लागला तर भिंतीकडे कोण बघणार?

पुढच्या महिन्यात माझा वार्षिक इको आहे, बहिणीच्या तपासणीच्याच दिवशी. आम्ही दोघी एकाच गाडीनं जाणार आहोत. तिच्या पिशवीत दुसरा पंप, माझ्या पिशवीत माझे आधीच्या सहा वर्षांचे अहवाल. त्या दिवशी माझं रक्त कुणाला अभ्यासासाठी हवं असेल तर मी दंड पुढे करायला तयार आहे. त्यातली एक नळी तिच्या नळीशेजारी ठेवा, एवढीच विनंती.

आपली नम्र,
एका रुग्णाची मोठी बहीण, त्याच दोषासह